बुधाजीचा वीतभर राक्षस

खाडीकाठच्या कोंडसरी गावात बुधाजी नावाचा एक भोळा चितारी होऊन गेला. चितारी म्हणजे लाकडाची आणि कागदाच्या लगद्याची खेळणी करून रंगवणारा.

बुधाजीचे हात फार हुशार होते. त्याने रंगवलेलं लाकडी केळं एका माकडाने पळवलं आणि संध्याकाळपर्यंत झाडावर बसून सोलत राहिलं. पण ही हुशारी मनगटापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. वर डोक्याकडे काही जायची नाही.

त्याला जे सांगावं ते तो करायचा. अगदी तेवढंच करायचा. लग्नात भटजी म्हणाले, "आता नवरीकडे पाहा." बुधाजीने पाहिलं. भटजी "आता पुरे" म्हणायचे विसरले. अक्षता संपल्या, पंगती उठल्या, मांडवाचे वासे निघाले, तरी बुधाजी पाहतोच आहे. आवडीला, म्हणजे नवरीला, वाटलं, केवढं हे प्रेम!

प्रेम होतंच. पण मुख्य कारण भटजी.

आवडीची एक आत्या होती. यमुनाआत्या. गावाच्या खालच्या आळीत तिचं घर. आवडीला आईवडील नव्हते, तेव्हा माहेर म्हणायचं ते हेच. आत्याचा बुधाजीवर काही राग नव्हता. ती फक्त येताजाता म्हणायची, "आवडे, त्या माणसाच्या हातांशी तेवढं लग्न लावायचं होतं. बाकीचा कशाला घेतलास?"

आवडी हसण्यावारी न्यायची. पण घरी आली की चुलीपुढे गप्प बसायची.

तर या यमुनाआत्याच्या घरात एक खेळ होता. राक्षसपट. कापडावर चौकोन आखलेले. चौकोनांना म्हणायचं घरं. त्यांवर बोटभर उंचीच्या सोंगट्या. राजा, राणी, प्रधान, शिपाई आणि न्हावी. कवड्या टाकायच्या, घरं मोजायची, आणि मध्ये बसलेल्या राक्षसाला चुकवून पलीकडे जायचं. राक्षसाने गाठलं तर मेलात. दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला फराळ झाला की सगळं घर या पटाभोवती बसायचं.

पण राक्षस होता न्हाव्याएवढाच. शिवाय झिजलेला. पोरं त्याला घाबरत नसत. उलट तोच पोरांना घाबरत असावा असा त्याचा चेहरा झाला होता. त्या वर्षी डबा उघडला तर राक्षसाला वाळवी लागलेली. आत्याने हातात घेतला तर त्याचा भुसा झाला.

आणि त्या वर्षी नेमका आत्याच्या लेकीचा, शेवंताचा, दिवाळसण. नवा जावई पहिल्यांदा येणार. खाडीपलीकडचं नाव काढलेलं घर. आत्या तडक बुधाजीकडे आली.

"बुधाजी, पाडव्याच्या आत राक्षस करून द्या. आणि चांगला मोठा करा बरं. एका घरात मावता कामा नये. चांगली चार घरं अडवून बसला पाहिजे. घरातल्या माणसांना पुढे जायला वाट मिळता कामा नये!"

"चार घरं," बुधाजी म्हणाला.

"चार घरं."

"समजलं," बुधाजी म्हणाला.

बुधाजी 'समजलं' म्हणाला की आवडीच्या पोटात गोळा यायचा. पण त्या दिवशी ती नेमकी नदीवर धुणं घेऊन गेली होती.

बुधाजी कामाला लागला. आधी तो खालच्या आळीत गेला आणि घरं बघून आला. आत्याचं घर, त्याला लागून तेल्याचं, मग परटाचं, मग शिंप्याचं. चार झाली. त्याने दोरीने माप घेतलं. मग बांबू आणले. शाळेतली रद्दी आणली. चिंचोक्याची खळ हंड्यात शिजवली. आवडीने विचारलं, "अहो, एवढे बांबू?" तो म्हणाला, "आत्याबाईंना मोठा हवा आहे." आवडीला वाटलं, मांडवाचंही काम दिलं असेल. दिवाळसण आहे.

राक्षस मागच्या पडवीत मावेना, म्हणून त्याने तो तुकड्यातुकड्यांनी केला आणि एके दिवशी पहाटेच बैलगाडीत घालून खालच्या आळीत नेऊन जोडला.

सकाळी यमुनाआत्याने दार उघडलं. बाहेर दात होते.

तिने दार लावलं. पुन्हा उघडलं. दात होतेच. एकेक दात पाटाएवढा.

तेली दार उघडायला गेला, त्याला राक्षसाचं पोट लागलं. परटाच्या दारात मांडी आली होती. परटाचं गाढव आत अडकलं आणि ओरडायला लागलं. शिंपी खिडकीतून बाहेर आला, तो थेट शेपटीवर पडला. आणि आळीच्या मधोमध बुधाजी कमरेवर हात ठेवून उभा.

"आत्याबाई," तो राक्षसाच्या कानाआडून म्हणाला, "चौथं घर जरा राहत होतं. म्हणून शेपूट वाढवली."

"बुधाजी! हे काय आहे?"

"राक्षस. चार घरं अडवलीत. आता तुम्ही पुढे जाऊन दाखवा बरं."

आत्याला जाता आलं नाही. ती मागच्या दाराने निघून आवडीकडे आली. वाटेत भेटेल त्याला तिने भाचीचं नशीब सांगितलं, आणि शेवटी ते भाचीलाही सांगितलं.

राक्षसाचं काय करावं हा प्रश्न गावातल्या तरुण मंडळींनी सोडवला. दिवाळी आलीच होती. त्यांनी तो नरकासुर म्हणून नेला आणि मैदानात जाळला. लोक म्हणाले, एवढा देखणा नरकासुर पुन्हा होणे नाही. पण आवडीने काही तो पाहिला नाही. ती घरात आत्याला विनवत होती.

"आत्या, एक संधी दे. पाडव्याला तुझ्या पटावर राक्षस बसेल. नाही बसला तर तुझ्या दारात मी फराळाला येणार नाही."

"बघ हो," आत्या म्हणाली. "नवा जावई येतोय. त्याच्यासमोर माझं हसं व्हायला नको."

आत्या गेली. आवडीने बुधाजीला समोर बसवलं.

"अहो, घर म्हणजे पटावरचं घर! माणसांचं नव्हे."

"मग आत्याबाईंनी तसं सांगायचं."

"बरं, ते जाऊ द्या. आता नीट ऐका. पटाचं सामान म्हणजे वीतभर. तळहातावर घेऊन चालता आलं पाहिजे. कळलं?"

"पटाचं सामान वीतभर. समजलं."

आवडीच्या पोटात गोळा आला. पण तिने तो गिळला आणि म्हणाली, "आता बाजारात जा. आत्याच्या पटाचे कोपरे उंदरांनी खाल्लेत. नव्या पटासाठी मांजरपाट घेऊन या."

बुधाजी निघाला. वाटभर म्हणत होता, "पटाचं सामान वीतभर, पटाचं सामान वीतभर." दुकानात गेला. दुकानदाराने मांजरपाटाचा तागा उलगडला.

"किती देऊ?"

"वीतभर."

"वीतभर? कशाला, दिव्याची वात करायला?"

"राक्षस, राजा, राणी, प्रधान, शिपाई आणि न्हावी बसायला."

दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं. सणाचे दिवस होते. त्याने कातर लावली. बुधाजीने तुकडा तळहातावर ठेवला, हात लांब केला आणि चालू लागला. वाऱ्याने तुकडा उडाला. बुधाजीने पळत जाऊन धरला. पुन्हा तळहातावर ठेवला. पुन्हा उडाला. अख्खा बाजार थांबून बघायला लागला. कुणीतरी म्हणालं, "अरे, मुठीत धर!" बुधाजी म्हणाला, "तळहातावर सांगितलंय," आणि तुकड्यामागे भाजीवाल्यांच्या टोपल्या ओलांडत गेला.

घरी पोचला तेव्हा तुकडा चिखलाने भरलेला आणि बुधाजी घामाने भिजलेला.

आवडीने तुकडा दोन बोटांत धरला. "यावर कोण खेळणार? मुंग्या?"

"त्यांनाही जरा अडचणच होईल," बुधाजी विचार करून म्हणाला.

आवडी स्वतः बाजारात गेली आणि कापड घेऊन आली. बादलीत बुडवलं. बुधाजी शेजारी उभा राहून पाहत होता.

"हे कशाला?"

"अहो, नवी वस्तू एकदा पाण्यातून काढावी लागते. चांगली बुडवायची, घट्ट पिळायची, दोनदा झटकायची आणि दोरीवर उन्हात टाकायची. काय आटायचं असेल ते आत्ताच आटतं. मग जन्मभर बिनघोर."

"नवी वस्तू बुडवायची, पिळायची, झटकायची, दोरीवर टाकायची."

"हो."

"समजलं."

आवडी कापड पिळत होती. त्या पिळण्याच्या नादात तिला हे नीट ऐकू आलं नाही.

मग बुधाजी राक्षस करायला बसला. हे काम पाहण्यासारखं होतं. त्याने तारेचा सांगाडा वळवला. वीतभर उंच, ना केसभर जास्त ना केसभर कमी. त्यावर सुतळी गुंडाळली. कागद भिजवून, कुटून, खळीत मळून लगदा केला आणि चिमटी चिमटीने अंगावर चढवला. पोट सुटलेलं, मान आखूड, एक खांदा वर. भोपळ्याच्या बियांचे दात केले. डोळ्यांच्या जागी लाल गुंजा बसवल्या. प्रत्येक गुंजेवर तो काळा ठिपका असतोच, त्यामुळे राक्षस थेट बघणाऱ्याकडे रोखून बघायला लागला. हिरवा रंग दिला. पंजे पसरून तो बरोबर पटाची चार घरं व्यापून बसला.

आवडी आली. तिने राक्षस पाहिला. बराच वेळ बघत राहिली. मग राक्षसाच्या वर झालेल्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता म्हणू दे आत्याला, बाकीचा कशाला घेतलास."

बुधाजीचं मन भरून आलं. बायको अशी बोटाने कौतुक करायची ते वर्षा-दोन वर्षांत कधीतरी. त्याला वाटलं, हिच्यासाठी आणखी काही केलं पाहिजे. काम अर्धवट राहता कामा नये.

आवडी विहिरीवर गेली. परत आली तर बुधाजी अंगणात पाय पसरून समाधानाने बसलेला.

"राक्षस कुठाय?"

"वाळतोय."

आवडीने दोरीकडे पाहिलं. दोरीवर एक हिरवट चिंधी लोंबत होती. खाली तारेची दोन टोकं बाहेर आली होती. बादलीच्या तळाशी दोन गुंजा. त्या अजूनही रोखून बघत होत्या.

"दोनदाच झटकला," बुधाजी म्हणाला. "तिसऱ्यांदा नाही. पण आवडे, हा राक्षस फार आटला बघ."

आवडी खाली बसली. तिने डोक्याला हात लावला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं हसू. मग हसता हसता रडूही आलं. बुधाजी घाबरला. तो तिच्याजवळ बसला आणि पदराचं टोक उचलून तिचे डोळे पुसायला लागला. पदर ओला झाला म्हणून तो पिळायला निघाला, तेव्हा आवडीने तो सोडवून घेतला.

"माझ्या राजा," ती म्हणाली, "कापडाची गोष्ट वेगळी, कागदाची वेगळी. कागदाच्या वस्तूला ओल म्हणजे मरण. वस्तू ओली दिसली की एक क्षण थांबायचं नाही. उचलायची, चुलीपुढे धरायची, चारी बाजूंनी फिरवून शेकायची. मग टिचकी मारून बघायची. टणटण वाजली तर वाळली. भद्द वाजली तर अजून शेकायची."

"ओली दिसली की शेकायची. टिचकी मारायची. भद्द वाजली तर अजून शेकायची."

"हो. आणि हे सगळं मी करीन. तुम्ही फक्त राक्षस करा."

"समजलं," बुधाजी म्हणाला.

त्याने दुसरा राक्षस केला. पहिल्यापेक्षाही सरस झाला. या खेपेला आवडी त्याच्याजवळून हलली नाही. विहिरीवर गेली तर राक्षस काखेत घेऊन गेली. तिनेच तो शेकला, तिनेच टिचकी मारली, टणटण वाजला. तिनेच तो फडक्यात गुंडाळून पाडव्याच्या सकाळी आत्याकडे नेला. बुधाजी नवा सदरा घालून मागून चालला होता.

आत्याने फडकं सोडलं. क्षणभर ती मागे सरली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "हा बघतोय माझ्याकडे!"

आवडीने मान अशी काही ताठ केली की अंबाड्यातलं फूल मागच्या भिंतीला लागलं.

माजघरात नवा पट अंथरला. राक्षस मध्ये बसला. बायका फराळाची ताटं करायला आत गेल्या. जाताना आवडी बुधाजीला म्हणाली, "तुम्ही मागच्या ओटीवर बसा. कशाला हात लावू नका."

बुधाजी ओटीवर बसला. त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

तेवढ्यात जावई आले. अर्जुनराव. नवा कोट, जरीची टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. फक्त होडीतून उतरताना त्यांचा पाय घसरला होता. त्यामुळे कोटातून पाणी गळत होतं, टोपीतून पाणी गळत होतं आणि पेढ्यांचं सार झालं होतं. मागच्या दाराने शिरून, कुणी बघायच्या आत कपडे बदलावे, अशा बेताने ते परसातून ओटीकडे आले.

बुधाजीने पाहिलं. ओली वस्तू.

त्याला हात न लावायला सांगितलं होतं, हे त्याला आठवलं. पण ओल म्हणजे मरण, हेही आठवलं. मरण मोठं. त्याने मांडीखालचे हात काढले, अर्जुनरावांना कमरेला धरून उचललं आणि शेजारच्या न्हाणीघरात नेलं. तिथे आंघोळीच्या पाण्याची चूल धडधडत होती. बुधाजीने त्यांना चुलीपुढे धरलं.

"अहो! अहो, कोण तुम्ही?"

बुधाजीने त्यांना उजवीकडून शेकलं. डावीकडून शेकलं. पाठ फिरवली. मग टोपी काढून डोक्यावर टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं.

"भद्द," बुधाजी म्हणाला. "अजून कच्चं आहे."

"सोडा मला!"

"एक क्षणही थांबायचं नाही असं सांगितलंय." त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा टिचकी मारली. "भद्दच. काय हो, आत लगदा जास्त झालाय का?"

कोटाच्या टोकातून धूर निघायला लागला तेव्हा अर्जुनराव बोंबलले. सगळं घर धावत आलं.

"बुधाजी!" आत्या किंचाळली. "जावयाला भाजताय?"

"नाही आत्याबाई," बुधाजी म्हणाला, "शेकतोय. वरून वाळलेत. पण आतून अजून वाजत नाहीत."

पुढची घटका फार वाईट गेली. अर्जुनरावांनी कोरडं धोतर नेसलं, कोटाचं जळलेलं टोक दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं आणि पुढच्या होडीने परत जातो म्हणाले. शेवंता दाराआड रडायला लागली. आत्या आवडीकडे बघेना. आवडीने बुधाजीला हाताला धरून ओटीच्या कोपऱ्यात नेलं. तिचा आवाज थरथरत होता.

"आज माझं माहेर तुटतंय हो. आता शेवटचं सांगते. पाहुण्याला आज काहीही झालं तरी तुम्ही त्याला हात लावायचा नाही. त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. आत यायचं नाही. काहीही झालं असं कानावर आलं, की उठायचं आणि पळत जाऊन गावातली शहाणी माणसं घेऊन यायची. काय करायचं ते ती बघतील. तुम्ही नाही."

"हात लावायचा नाही. बोलायचं नाही. आत यायचं नाही. शहाणी माणसं आणायची."

"समजलं?"

"समजलं," बुधाजी म्हणाला. पोटात गोळा येईल एवढं त्राणच आवडीत उरलं नव्हतं.

माजघराचं दार लागलं. बुधाजी ओटीवर एकटाच बसला. त्याला वाईट वाटत होतं. आवडीचा थरथरणारा आवाज त्याच्या कानातून जात नव्हता. या खेपेला चुकायचं नाही, त्याने ठरवलं. तो कान देऊन ऐकू लागला.

आत अर्जुनराव काठी आणि पिशवी उचलायला माजघरात आले होते. आधी त्यांची पावलं वाजली. मग ती थांबली.

"हा कोणी केला?" अर्जुनरावांचा आवाज आला.

आवडी हळूच म्हणाली, "माझ्या मालकांनी."

"मला शेकणारे?"

"हो."

पावलं पटाभोवती एकदा फिरली. मग अर्जुनराव म्हणाले, "असा राक्षस मी जन्मात पाहिला नाही. काय डोळे आहेत! याला चुकवून पलीकडे जाता येतं?"

"जाऊन बघा ना," आत्या म्हणाली. "राक्षस माझ्याकडे."

"राजा माझा," अर्जुनराव म्हणाले, आणि काठी पिशवीसकट खाली ठेवल्याचा आवाज आला.

कवड्या खुळखुळल्या. डाव रंगला. पोरं ओरडत होती, राणी घेतलेली शेवंता टाळ्या पिटत होती. एकदा तर यमुनाआत्या मोठ्याने म्हणाली, "आवडे, सोन्याचे हात आहेत गं तुझ्या नवऱ्याचे. असू दे, बाकीचाही असू दे!" बुधाजीने ओटीवर बसल्या बसल्या स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. सोनं दिसलं नाही. पण बरं वाटलं.

आणि मग आत एकदम कल्लोळ झाला.

"मेले! जावई मेले!" पोरं किंचाळली.

"खाल्लं! राक्षसाने खाल्लं!"

"अगं बाई गं," शेवंताचा आवाज आला, "आता मी एकटी कशी जाऊ पलीकडे!"

आणि त्यावर सगळ्यांचा मिळून असा काही आवाज उठला, की बंद दाराबाहेर तो हसण्याचा की रडण्याचा ते बुधाजीला कळेना. शेवंता एकटी पडली म्हणजे रडण्याचाच असणार. त्याला आवडीचं बोलणं आठवलं. तो आत गेला नाही. तो एक शब्द बोलला नाही. तो उठला आणि धावत सुटला.

पारावर पोलीसपाटील बसले होते. शेजारी गावातली मंडळी फराळाची चव सांगत बसली होती.

"पाटील, चला!" बुधाजी धापा टाकत म्हणाला. "आत्याबाईंचे जावई गेले!"

"कुठे गेले?"

"मेले!"

पाटील उठून उभे राहिले. "अरे, आत्ता तर होडीतून उतरले! कशाने?"

"राक्षसाने खाल्लं."

"कुठल्या राक्षसाने?"

"माझ्या हातचा आहे," बुधाजी म्हणाला. एवढ्या दुःखातही त्याला ते सांगावंसं वाटलं.

"केवढा आहे?"

बुधाजीने वीत दाखवली. पाटलांनी त्या वितीकडे पाहिलं, मग बुधाजीकडे पाहिलं.

"एवढासा राक्षस अख्खा जावई खाईल कसा?"

बुधाजीने जरा विचार केला. "राक्षस आत्याबाईंकडे होता," तो म्हणाला. "त्यांनीच हातात धरून पुढे केला."

पारावरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, "सासूने?" दुसरा म्हणाला, "दिवाळसणाला?" ती गोष्ट आळीत पोचेपर्यंत सासूने जावयाला लाडवातून काहीतरी घातलं अशी झाली होती. शिंपी पांढरं कापड घेऊन निघाला. तेल्याने बांबू खांद्यावर घेतले. कुंभाराने मडकं घेतलं. भजनी मंडळ टाळ घेऊन आलं. बायकांनी रस्त्यातच गळा काढला. होडीवाला तर छाती पिटत होता. "पेढे भिजले म्हणून वाईट वाटत होतं हो त्यांना," तो सांगत होता, "कुणाला माहीत होतं?"

सगळ्यांच्या पुढे बुधाजी. त्याला आता धीर आला होता. शहाणी माणसं मागे होती आणि बरीच होती.

रडण्याचा आवाज ऐकून यमुनाआत्याने दार उघडलं. अंगणात सारा गाव उभा. आणि आत्याच्या हातात राक्षस.

गर्दी एक पाऊल मागे गेली.

"यमुनाबाई," पोलीसपाटील दुरूनच म्हणाले, "हातातलं आधी खाली ठेवा. मग शांतपणे सांगा, जावयाचं काय केलंत?"

"काय केलं? आत बसलेत. शंकरपाळे खातायत."

"कोण?"

"जावई."

तेवढ्यात आत्याच्या मागून अर्जुनराव बाहेर आले. तोंडात शंकरपाळा, हातात कवड्या. त्यांनी बांबू पाहिले. मडकं पाहिलं. शिंप्याच्या हातातलं पांढरं कापड पाहिलं. त्यांचं तोंड चालायचं थांबलं.

गळा काढणाऱ्या बायका गळा तसाच उघडा ठेवून गप्प झाल्या. टाळ वाजता वाजता मध्येच राहिला.

"पाहुणे," पाटील चाचरत म्हणाले, "तुम्ही गेलात असं कळलं."

"गेलो होतो," अर्जुनराव म्हणाले. "आता दुसऱ्या डावाला बसलोय."

कुणी हसेना, कुणी रडेना. सगळे बुधाजीकडे बघायला लागले. आवडी दारात आली. तिने अंगण पाहिलं, आणि खांबाला धरून उभी राहिली.

बुधाजीने सगळीकडे नजर फिरवली. माणसं ताटावरून उठून आली होती. एकाच्या हाताला अजून चकलीचं तेल होतं. म्हातारा कुंभार एवढं मडकं घेऊन धापा टाकत उभा होता. आपल्या शब्दासाठी एवढी माणसं आली, आणि आता तशीच परत जायची? बुधाजीला फार अवघडल्यासारखं झालं. पाहुण्याशी एक शब्द बोलायचा नाही, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं. म्हणून तो पाहुण्यांकडे पाठ करून आवडीजवळ गेला आणि हळू, पण अंगणभर ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला,

"आवडे, जरा पाहुण्यांना विचार गं. माणसं सणाचा फराळ टाकून आलीत. घटकाभर आडवे होतील का?"